चौदा दिवस मोजायचे, पण उलटे

कोल्हापूरजवळच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचं वय 29, मिस्टरांचं 33. मिस्टर फौंड्रीत भट्टीवर काम करतात. लग्नाला पावणेदोन वर्षं झाली, मूल हवंय, पण दिवस राहत नाहीत. पाळी 34 ते 36 दिवसांनी येते, अगदी नियमित. कुणीतरी सांगितलं म्हणून दर महिन्याला तेराव्या, चौदाव्या आणि पंधराव्या दिवशी संबंध ठेवतात, बाकीचे दिवस 'ताकद साठावी' म्हणून थांबतात. विसाव्या-बाविसाव्या दिवसाच्या सुमारास ओटीपोटात एका बाजूला बारीक दुखतं आणि त्याच्या आधी दोन-तीन दिवस चिकट पांढरं जातं. त्यासाठी दोनदा गोळ्यांचा कोर्स झाला. संबंधानंतर वीर्य बाहेर येतं, म्हणून सासूबाई म्हणतात की पिशवीत काही टिकतच नाही, तू लगेच उठतेस. सोनोग्राफी, थायरॉइड, रक्त सगळं नॉर्मल आहे. आता गर्भनळ्या उघड्या आहेत का ते बघणारी डाय टेस्ट करायला सांगितली आहे. मिस्टरांची तपासणी झालेली नाही, कारण 'त्यांना काही प्रॉब्लेम नाही'. शेवटी विचारलंय: माझ्यात काय कमी आहे?

ताई, तुम्ही जे लिहिलंय त्यात तुमच्यात काही कमी असल्याची एकही खूण मला दिसत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना मला तीस वर्षं होत आली. तुमच्यासारखी हकिगत आठवड्यातून एकदा तरी समोर बसलेली असते, आणि प्रत्येक वेळी तेच कॅलेंडर पर्समधून बाहेर येतं, चौदाव्या दिवसाभोवती लाल पेनाने गोल केलेलं. त्या चौदा आकड्यापासूनच सुरुवात करू.

चौदावा दिवस हा 28 दिवसांच्या पाळीचा हिशोब आहे. तो कुठून आला ते सांगते. बीजकोशात बीज तयार होऊन फुटेपर्यंत एक टप्पा, आणि फुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंत दुसरा टप्पा, असे महिन्याचे दोन भाग असतात. यातला दुसरा भाग बहुतेक बायकांत जवळपास ठरलेला असतो, साधारण 12 ते 16 दिवसांचा. पहिला भाग मात्र बाईगणिक बदलतो, आणि एकाच बाईत एखाद्या महिन्यात ताप, जागरण, मोठा ताण आला तरी बदलतो. जपानमधले स्त्रीरोगतज्ज्ञ क्यूसाकू ओगिनो यांनी 1924 साली हे मांडलं. पोटाच्या शस्त्रक्रियांच्या वेळी बायकांचे बीजकोश प्रत्यक्ष बघून आणि त्यांच्या पाळीच्या तारखा जुळवून त्यांनी सांगितलं की मागच्या पाळीपासून मोजू नका, येणाऱ्या पाळीपासून मागे मोजा. आज शंभर वर्षं झाली, तरी आपल्याकडे सरळच मोजतात.

तुमचा हिशोब करू. पाळी 34 दिवसांनी आली तर त्यातून 16 वजा करा, 18 उरतात. 36 दिवसांनी आली तर 12 वजा करा, 24 उरतात. म्हणजे तुमचं बीज अठराव्या ते चोविसाव्या दिवसाच्या मध्ये कधीतरी फुटतं, बहुतेक वेळा वीस ते बावीसच्या आसपास. तुम्ही पंधराव्या दिवशी थांबता. पावणेदोन वर्षं तुम्ही दोघं मनापासून प्रयत्न करताय, पण बीज येण्याआधी पाच-सात दिवस दार बंद होतंय.

आता ते दुखणं आणि पांढरं. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय. मी वाचलं आणि मला बरं वाटलं, कारण तुमचं शरीर दर महिन्याला त्याच सुमारास सांगतंय की बीज फुटतंय.

हे आतून कसं होतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण एकदा हे डोळ्यासमोर आलं की बाकीचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या दोन बीजकोशांत मिळून साठ-सत्तर लाख बीजं असतात. जन्माच्या वेळी दहा ते वीस लाख उरतात, वयात येताना तीन-चार लाख. त्यातली आयुष्यभरात फुटतात ती जेमतेम चारशे. बाकीची आपोआप विरून जातात, पाळी आली तरी आणि नाही आली तरी. 'गोळ्या घेतल्या म्हणून बीजं संपली' असं बायका म्हणतात, ते खरं नाही.

जे बीज या महिन्यात फुटणार, त्याची बीजकोशातली पिशवी तीनएक महिन्यांपूर्वीच वाढायला लागलेली असते. शेवटच्या पंधरा-वीस दिवसांत मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीतून एफएसएच नावाचं संप्रेरक येतं, काही पिशव्या एकदम मोठ्या होऊ लागतात, आणि त्यातली एक पुढे निघते. फॉलिकल स्टडीला, म्हणजे या पिशवीची वाढ बघायच्या सोनोग्राफीला, आम्ही पडद्यावर जो काळा गोल दाखवतो तो हाच. काळा दिसतो कारण आत पाणी असतं. बीज त्यात असतं, पण सोनोग्राफीत ते दिसत नाही. बीजाचा व्यास मिलिमीटरचा दहावा भाग, बारीक रव्याच्या कणाहूनही लहान. पिशवी दिवसाला दीड-दोन मिलिमीटरने वाढत 18 ते 22 मिलिमीटरपर्यंत जाते. तुमच्यात हे वाढणं एक आठवडा उशिरा सुरू होतं. त्याला आजार म्हणत नाहीत. 24 ते 38 दिवसांच्या आत येणारी पाळी नॉर्मलच धरतात.

वाढणारी ही पिशवी इस्ट्रोजेन हे संप्रेरक सोडते. त्याचं एक काम गर्भाशयाचं अस्तर जाड करणं. दुसरं काम गर्भाशयाच्या तोंडाशी असतं, आणि तेच तुमचं 'पांढरं'. एरवी तिथला चिकटा घट्ट असतो, बूच लावल्यासारखा. इस्ट्रोजेन चढलं की तो पातळ, पारदर्शक, निसरडा होतो. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग दोन बोटांत धरून बोटं लांब केली तर जशी तार निघते, तशीच याची निघते, कधी कधी तीन-चार इंच. घाण वास नाही, खाज नाही, आग नाही, दोन-चार दिवस राहून आपोआप जातं. असं असेल तर त्याला गोळ्या लागत नाहीत. दह्यासारखे गठ्ठे, खाज, हिरवट-पिवळा रंग, मासळीसारखा वास यांपैकी काही असेल तर मात्र दाखवायला हवं.

इस्ट्रोजेन जवळजवळ दोन दिवस वरच्या पातळीला टिकलं की पिट्युटरीतून एलएच या संप्रेरकाची एकदम लाट येते. मेडिकलमधून आणतात ती ओव्ह्युलेशनची पट्टी लघवीतली हीच लाट पकडते. लाट सुरू झाल्यापासून साधारण 36 तासांत पिशवी फुटते. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात बीज काढायची वेळही याच हिशोबावर ठरते, या लाटेचं काम करणाऱ्या इंजेक्शनपासून 34 ते 36 तास. फुटताना थोडं पाणी, कधी किंचित रक्त पोटात सांडतं, त्याने एका बाजूला बारीक दुखतं. सगळ्यांनाच दुखत नाही, तुम्हाला दुखतं.

बीज नळीत ढकललं जातं असं बऱ्याच जणींना वाटतं. तसं नसतं. नळी बीजकोशाला थेट जोडलेलीच नसते. दहा-बारा सेंटिमीटरच्या त्या नळीच्या टोकाला झालर असते, ती बीजकोशावरून फिरते आणि बीज उचलते. डाव्या बाजूचं बीज उजव्या नळीने उचलल्याची उदाहरणं आहेत. म्हणून एकच नळी असलेल्या बायकांना मी नेहमी सांगते, अर्धी शक्यता गेली असं समजू नका.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: हे बीज नळीत 12 ते 24 तासच जिवंत असतं. शुक्राणू मात्र त्या तार येणाऱ्या पातळ चिकट्यात चार-पाच दिवस टिकतात. त्यामुळे शुक्राणूंनी आधी जाऊन थांबायचं असतं. 1995 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामध्ये मूल हव्या असलेल्या 221 बायकांचा रोजच्या लघवीच्या नमुन्यांवरून अभ्यास प्रसिद्ध झाला. जितक्या वेळा गर्भ राहिला, त्या सगळ्या वेळी संबंध बीज फुटण्याच्या दिवशी किंवा त्याआधीच्या पाच दिवसांत आलेला होता. दुसऱ्या दिवशीच्या संबंधातून एकही नाही. म्हणून दुखून गेल्यावर 'आता बीज फुटलं, आज संबंध ठेवू' असं करू नका. पांढरं सुरू झालं की तीच वेळ.

बीज फुटून गेल्यावर रिकामी पिशवी पिवळी होते आणि प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक सोडायला लागते. त्याने चिकटा पुन्हा घट्ट होतो, अंगाचं तापमान तीन ते पाच दशांश सेल्सिअसने चढतं. गर्भ राहिला तर तो सहा ते दहा दिवसांनी अस्तरात रुजतो आणि एचसीजी नावाचं संप्रेरक सोडून या पिवळ्या पिशवीला जगवत ठेवतो. नाही राहिला तर ती दोन आठवड्यांत सुकते, प्रोजेस्टेरॉन पडतं, अस्तर सुटतं, पाळी येते. दुसरा टप्पा ठरलेला का असतो, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. त्या पिवळ्या पिशवीचं आयुष्यच तेवढं.

सासूबाईंच्या म्हणण्याकडे वळते. त्या वाईट बुद्धीने बोलत नाहीत; त्यांनाही कुणी हे समजावून सांगितलेलं नाही. वीर्य बाहेर पडल्यावर आधी जेलीसारखं घट्ट होतं आणि पंधरा ते तीस मिनिटांत पातळ होतं. पातळ झालं की बाहेर ओघळणारच, योनी काही बंद डबा नाही. पण तोवर चांगले शुक्राणू काही मिनिटांतच गर्भाशयाच्या तोंडाच्या चिकट्यात शिरलेले असतात. बाहेर येतं ते मुख्यतः पाणी, जे सेमिनल व्हेसिकल आणि प्रोस्टेट या दोन ग्रंथींनी बनवलेलं असतं. शुक्राणूंचा वाटा वीर्याच्या आकारमानात शंभरात दोन ते पाच एवढाच. कंबरेखाली उशी, पाय वर, तासभर हलायचं नाही, यातलं काहीही गरजेचं नाही. उठून लघवीला गेलात तरी चालेल, मूत्रमार्ग वेगळा आहे. कोरडेपणासाठी तेल, क्रीम किंवा थुंकी वापरत असाल तर तेवढं थांबवा, त्याने शुक्राणूंची हालचाल मंदावते.

वीर्यात शुक्राणू इतके थोडे असतात, म्हणूनच 'मिस्टरांना काही प्रॉब्लेम नाही' हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. नसबंदी झालेल्या पुरुषाचं वीर्य दिसायला आणि मापाला तसंच असतं, शुक्राणू मात्र शून्य. पुरुषाच्या वृषणात दोन वेगवेगळी कामं चालतात. वृषणातल्या बारीक नळ्यांच्या मधल्या जागेतल्या लेडिग पेशी टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक बनवतात. दाढी-मिशा, इच्छा, ताठरता हे त्यांच्या वाट्याचं. शुक्राणू बनतात ते या नळ्यांच्या आत, सर्टोली पेशींच्या आधाराने. पहिलं काम उत्तम आणि दुसरं बंद, असे कितीतरी पुरुष मी पाहिले आहेत. त्यांना त्याचा काहीच त्रास नसतो, म्हणून शंकाही येत नाही. शुक्राणू तपासायला सांगणं म्हणजे पुरुषपणावर बोट ठेवणं, ही समजूत इथेच चुकते. हे मी नवऱ्यांना तोंडावर सांगते, आणि नीट समजावलं तर बहुतेक ऐकतात.

या दोन्ही पेशींना हुकूम कुणाचा? त्याच एफएसएच आणि एलएचचा, जे तुमच्या बीजकोशाला चालवतात. एलएच या नावाचा संबंध त्या पिवळ्या पिशवीशी आहे, पण पुरुषाच्या अंगातही तेच संप्रेरक रोज काम करतं. फरक असा की बाईच्या शरीरात त्याची महिन्याची भरती-ओहोटी असते आणि पुरुषात ते रोजच्या रोज चालू राहतं. म्हणूनच जिममध्ये बॉडी बनवायला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्या पोरांचा शुक्राणूंचा काउंट शून्यावर येतो. बाहेरून संप्रेरक मिळालं की पिट्युटरी एफएसएच-एलएच सोडायचं थांबवते आणि वृषणाच्या आतलं टेस्टोस्टेरॉन, जे रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त लागतं, ते तळाला जातं. शरीर दणकट दिसतं आणि आतला कारखाना बंद पडलेला असतो. आमच्या भागात तालमी आणि जिम दोन्ही भरपूर, म्हणून हे मुद्दाम लिहिते. मिस्टरांनी असं काही घेतलं असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

भट्टीचं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वृषण पोटाच्या बाहेर पिशवीत टांगलेले असतात, कारण त्यांना शरीरापेक्षा दोन-चार अंश सेल्सिअसने कमी तापमान लागतं. थंडीत पिशवी आकसून वर येते, उन्हात सैल होऊन खाली लोंबते. वृषणाकडे जाणाऱ्या धमनीभोवती शिरांचं जाळं असतं, ते रक्त वाटेतच थंड करतं. रोज आठ तास भट्टीसमोर जाड पँट घालून उभं राहिलं की ही सगळी सोय अपुरी पडू शकते. मागे एक गुळव्या आणि त्याची बायको माझ्याकडे आली होती. हंगामभर गुऱ्हाळावर काहिलीच्या कडेला, खालून चुलवाणाची धग. फेब्रुवारीतला त्याचा काउंट मिलिलिटरला साठ लाख होता. तंबाखू सोडायला लावली, दुसरं औषध काहीच दिलं नाही, हंगाम संपल्यावर ऑगस्टमध्ये पुन्हा तपासलं तर एक कोटी नव्वद लाख. काउंट दर नमुन्याला वर-खाली होतोच, आणि सगळ्यांचं असंच होईल असं मी म्हणणार नाही. पण मी सहा महिने का थांबले ते सांगते. एक शुक्राणू बनायला साधारण 74 दिवस लागतात. मग एपिडिडायमिस नावाच्या, उलगडली तर सहा मीटर भरेल अशा गुंडाळलेल्या नळीतून पुढे सरकताना त्याला पोहायचं बळ येतं, त्यात आणखी आठ-पंधरा दिवस. आज जो रिपोर्ट हातात येतो तो तीन महिन्यांपूर्वीच्या वृषणाचा फोटो असतो. तेव्हा डेंग्यू किंवा टायफॉइड झाला असेल तर तोही त्यात दिसतो. म्हणून पंधरा दिवस पावडर खाऊन पुन्हा काउंट बघण्यात अर्थ नाही.

डाव्या बाजूला जड वाटतं का, पिशवीत शिरांचा गुंता हाताला लागतो का, हेही विचारा. डाव्या वृषणाची शीर वर जाऊन मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, त्यामुळे रक्त तुंबून शिरा फुगायचं प्रमाण डावीकडे जास्त. त्याला व्हेरिकोसील म्हणतात, आणि त्याच्यावर उपाय आहे.

तपासणी अगदी साधी असते. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, शक्यतो लॅबमध्येच. घरून नेणार असाल तर तासाच्या आत पोचवा, डबी शर्टाच्या आत अंगाशी धरून. पहिले काही थेंब डबीबाहेर सांडले तर लॅबला सांगा, कारण बहुतेक शुक्राणू त्या पहिल्या भागातच असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत खालची मर्यादा दिलेली आहे: वीर्य 1.4 मिलिलिटर, मिलिलिटरला 1 कोटी 60 लाख शुक्राणू, पुढे जाणारे 30 टक्के, नीट आकाराचे 4 टक्के. 'फक्त 4 टक्के नॉर्मल' वाचून घाबरू नका, तेवढे पुरतात. एक रिपोर्ट कमी आला तर लगेच निष्कर्ष काढायचा नाही, काही आठवड्यांनी दुसरा करायचा.

डाय टेस्टला माझा विरोध नाही. आपल्याकडे क्षयरोगामुळे नळ्या बंद झालेल्या बायका पुष्कळ दिसतात, आणि वर्षाच्या वर प्रयत्न झाले की नळ्या बघायलाच हव्यात. पण क्रम असा ठेवा की आधी वीर्य तपासणी, मग डाय टेस्ट. एका डबीत भागणाऱ्या तपासणीआधी बाईने टेबलावर झोपून कळ सोसायची, हे मला पटत नाही. वीर्यात शुक्राणूच नसतील तर पुढचा सगळा मार्गच बदलतो.

'ताकद साठवण्या'बद्दल एवढंच: आठवड्याहून जास्त थांबलं की संख्या वाढते, पण त्यात म्हातारे, मंद शुक्राणूच जास्त असतात. दिवसाआड संबंध असणं सगळ्यात चांगलं.

आता तारखांनी सांगते. समजा पुढची पाळी 5 तारखेला आली. तो पहिला दिवस. पाळी संपली की फॉलिक ॲसिडची गोळी रोज सुरू करा, आधीच घेत नसाल तर. बाळाच्या मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत बंद होते, तेव्हा अनेकींना पाळी चुकल्याचं नुकतंच कळलेलं असतं. 11 तारखेपासून थांबा आणि 14 ला मिस्टरांचा नमुना द्या. मग 19 ते 28 तारखेपर्यंत दिवसाआड संबंध ठेवा. मधे पांढरं तार देऊ लागलं तर ते दोन-तीन दिवस अजिबात चुकवू नका. पट्टी आणणार असाल तर 20 पासून लावा, रोज एकाच वेळी. जुनं कॅलेंडर काढून ठेवा आणि नव्यावर फक्त दोन गोष्टी लिहा: पाळी कधी आली आणि बारीक दुखलं कधी. तीन महिन्यांनी, दिवस राहिले नाहीत तर, मिस्टरांचा रिपोर्ट आणि हे कॅलेंडर घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. दोघं मिळून जा, आणि आत दोघंही बसा.